बाबांच्या पॅनवर कुणीतरी कर्ज काढलंय, ओळखचोरीपासून वाचवणारे पेड प्लॅन घ्यावेत का?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण नीट सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मागच्या सोमवारी बाबांना फोन आला की तुमच्या कर्जाचे १४,६०० थकलेत, दोन दिवसांत भरा नाहीतर घरी माणूस येईल. बाबा ६९ वर्षांचे, पेन्शनर, आयुष्यात एकच कर्ज घेतलं ते घराचं, आणि तेही २००९ साली फिटलं. फोनवरच्या माणसाने बाबांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पॅन नंबर सगळं धडाधड वाचून दाखवलं, त्यामुळे बाबा इतके घाबरले की आईला न सांगता पैसे भरायला निघाले होते. मी त्या दिवशी घरी होते म्हणून थांबले.

तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. भावाने शोधाशोध केली तर एका कंपनीचा आयडेंटिटी प्रोटेक्शन प्लॅन दिसला, माणशी वर्षाला २,४९९, आम्ही पाच जण म्हणजे १२,४९५ रुपये, आणि दर वर्षी. त्यात म्हणे डार्क वेब मॉनिटरिंग (इंटरनेटच्या लपलेल्या भागात आपली चोरलेली माहिती विकली जातेय का यावर लक्ष), क्रेडिट अलर्ट, विमा असं सगळं आहे. बाबांच्या बँकेत गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या कार्ड प्रोटेक्शन पण घेऊन टाका, १,८०० अधिक जीएसटी. भाऊ म्हणतो घेऊया, बाबांच्या मनःशांतीपुढे पैसे काय. मला पण तेच वाटतंय, पण साडेबारा हजार म्हणजे बाबांची जवळपास अर्ध्या महिन्याची पेन्शन आहे हो.

दोन गोष्टी विचारायच्यात. हे कर्ज बाबांच्या नावावरून काढायचं कसं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून खरंच एवढे पैसे मोजावे लागतात का. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.


पेठकर३०

ताई, मी यातून गेलोय, २०२२ मध्ये. त्यामुळे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, एक रुपयाही भरू नका. आणि दुसरं म्हणजे ते कर्ज खरंच आहे का ते बघा. तुम्ही गृहीत धरलंय की कर्ज आहे, पण असे फोन निव्वळ घाबरवून पैसे काढायला पण येतात, पॅन आणि जन्मतारीख कुठून तरी फुटलेली असते आणि तेवढ्यावर समोरचा वसुली अधिकारी बनतो. माझ्या मावशीच्या बाबतीत असंच झालं होतं, कर्ज नव्हतंच. तेव्हा फोनवाल्याने पाठवलेल्या लिंकवर, क्यूआरवर काही करू नका.

कर्ज आहे की नाही हे कळतं क्रेडिट रिपोर्टवरून आणि तो फुकट मिळतो. आपल्या सगळ्या कर्जांची नोंद असलेला हा रिपोर्ट बनवणाऱ्या भारतात चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून या चारही कंपन्यांनी प्रत्येक माणसाला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, फुकट द्यायचाच आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. आपण मात्र सगळ्यांना सिबिल म्हणतो आणि बाकीच्या तिघी विसरून जातो. रिपोर्ट काढायला बसलात की मध्येमध्ये महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाचा घ्या अशी पानं येतात, तिथे कार्ड नंबर टाकायचा नाही, फुकट वार्षिक रिपोर्टचाच पर्याय शोधायचा. आणि थेट त्या कंपनीच्या साईटवरून काढा, फ्री स्कोअर दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपवरून नको, कारण त्या ॲपला तुम्ही परत पॅन आणि मोबाईल देऊन बसता आणि उद्यापासून कर्ज घ्या म्हणून फोन सुरू.

रिपोर्ट आला की सगळे स्कोअर बघतात आणि खुश होतात. स्कोअर राहू द्या बाजूला. तीन ठिकाणी बघा. पहिलं अकाउंट्सची यादी, त्यात आपलं नसलेलं खातं आहे का. दुसरं एन्क्वायरी, म्हणजे कुणी कुणी तुमचा रिपोर्ट मागवला, कर्ज मंजूर झालं नसलं तरी कुणी प्रयत्न केला असेल तर तो इथे दिसतो. आणि तिसरं, जे कुणी बघत नाही ते, वर जिथे पत्ते आणि फोन नंबर असतात तो भाग. माझ्या रिपोर्टमध्ये एक अनोळखी मोबाईल नंबर आणि मी आयुष्यात न गेलेल्या गावाचा पत्ता होता, आणि तोच पुढे पोलिसांच्या कामाला आला.

कर्ज खरंच निघालं तर एकाच दिवशी तीन कामं करा. ज्या बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज आहे तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, ज्या ज्या क्रेडिट कंपनीच्या रिपोर्टमध्ये ते दिसतंय तिच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत (ते फुकट असतं), आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. सायबर फसवणुकीचा १९३० हा हेल्पलाइन नंबर आहेच, पण तो मुख्यतः खात्यातून पैसे आत्ताच गेलेत आणि पुढे जाण्याआधी अडवायचेत यासाठी, बाबांच्या केसमध्ये पोर्टलवरची लेखी तक्रार आणि तिची पोचपावती जास्त महत्त्वाची. जवळच्या पोलीस ठाण्यातही अर्ज द्या आणि त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी (सिक्स्टी सिक्स सी) लिहा, दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे त्यात.

फायनान्स कंपनीला लिहिताना नुसतं "हे कर्ज माझं नाही" एवढ्यावर थांबू नका, मी तिथेच पहिले दोन महिने घालवले. त्यांच्याकडे मागणी करा की केवायसीची कागदपत्रं दाखवा, सेल्फी घेतला असेल तर तो दाखवा, करारावर सही किंवा ओटीपी कुठल्या नंबरवर घेतला ते सांगा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कुठल्या बँक खात्यात टाकले ते सांगा. माझ्या केसमध्ये या शेवटच्या प्रश्नावर त्यांची बोलतीच बंद झाली, कारण पैसे माझ्या नावाच्या खात्यात गेलेच नव्हते. त्यानंतर नऊ दिवसांत मेल आला की खातं बंद केलंय.

आणि आता तर नियम आणखी आपल्या बाजूने झालेत. एप्रिल २०२४ पासून तक्रारीनंतर ३० दिवसांत चूक दुरुस्त झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्यात कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत दुरुस्त माहिती क्रेडिट कंपनीला पाठवायची असते. तक्रारीची तारीख म्हणूनच जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार, तीही फुकट, १४४४८ वर फोन करून विचारताही येतं. वकील लागत नाही, एजंट तर मुळीच नाही.

प्लॅनबद्दल, मी त्या घाबरलेल्या अवस्थेत वर्षभर एक घेतला होता. त्यातून मिळालेला प्रत्येक अलर्ट मला आधीच दुसरीकडून कळलेला होता. काका आता काळजीत आहेत म्हणूनच विकणाऱ्याला सोपं जातंय, तेव्हा पंधरा दिवस थांबा आणि मग ठरवा.


गोदाकाठ

खूप खूप आभार दादा, कर्ज नसेलही हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री बसतेच. एक विचारू का, चारही रिपोर्ट एकदम काढायचे का?


पेठकर३०

बाबांचे चारही आत्ताच काढा, कारण संशय आहे. बाकी चौघांचे मात्र वाटून घ्या, तीन महिन्यांनी एका कंपनीचा, मग तीन महिन्यांनी दुसरीचा. बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी चारही ठिकाणी माहिती कळवायची असते, आणि जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरा दिवसांनी कळवायची असते, त्यामुळे कुठलाही एक रिपोर्ट बघितला तरी नवीन कर्ज त्यात दिसायला हवं. एन्क्वायरी तेवढी ज्या कंपनीकडे विचारणा झाली तिथेच दिसते. म्हणजे वर्षभर दर तिमाहीला एक नजर, आणि खर्च शून्य. त्या प्लॅनमध्ये क्रेडिट मॉनिटरिंग म्हणतात ते बरंचसं हेच आहे.

आणि हो, कुणी बँक तुमचा रिपोर्ट मागवते तेव्हा क्रेडिट कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असा पण नियम आहे आता. पण तो येणार त्यांच्याकडे असलेल्या नंबरवर. बाबांचा जुना नंबर किंवा ईमेल तिथे असेल तर अलर्ट हवेत जाणार, तेवढं तपासा.


जुनाकॅशियर (कोल्हापूर)

मी एका बँकेत ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे कार्ड प्रोटेक्शनबद्दल मनापासून सांगतो. ते काउंटरवर विकायचं टार्गेट असतं पोरांना. त्या मॅडमवर रागावू नका, पण घेऊ पण नका.

त्यात मुख्य गोष्ट काय असते तर पाकीट हरवलं की एक फोन करा आणि सगळी कार्डं बंद. अहो बाबांकडे कार्डं किती आहेत, एक किंवा दोन ना? बँकेच्या ॲपमध्ये कार्ड बंद-चालू करायची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच सगळ्यांना सक्तीची केली. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाईन, परदेशी व्यवहार, प्रत्येकाचं वेगळं बटण आणि वेगळी मर्यादा. बाबा ऑनलाईन खरेदी करत नसतील तर ते बटण आजच बंद करा, परदेशी तर बंदच ठेवा. एटीएमची रोजची मर्यादा पाच हजारावर आणा. ॲप जमत नसेल तर शाखेत अर्ज देऊन किंवा फोनवरूनही करून मिळतं.

दुसरं, विमा विमा म्हणतात तो. २०१७ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, ते लोकांना माहीतच नाही. तुमची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना, म्हणजे तिसरीकडेच कुठेतरी गळती होऊन खात्यातून पैसे गेले, आणि बँकेकडून मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात कामाचे दिवस लावले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारापर्यंत तुमच्या अंगावर. बँकेची चूक असेल तर तुम्ही कळवलं नाही तरी तुमच्यावर काही नाही. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने तेवढी रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. एवढं संरक्षण फुकट असताना १,८०० कशाला.

फक्त एक, ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. काउंटरवर बसून अशी रडणारी माणसं बघितलीत मी, शिकलेली माणसं, फार वाईट वाटायचं. त्यामुळे बाबांना एकच सांगून ठेवा की पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि काही झालं तर लाजून गप्प बसायचं नाही, त्याच मिनिटाला बँकेला आणि १९३० ला फोन. पहिला तास फार महत्त्वाचा असतो, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात.

बाबांच्या फोनवर बँकेचे एसएमएस येतात ना ते पण बघा. आमच्याकडे कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा नंबर मुलाचा, आणि मुलगा परगावी, असं असायचं.


केंद्रवाला (लातूर)

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो तालुक्याच्या गावी, रोज दोनशे लोकांची आधार हाताखालून जातात म्हणून बोलतो. कागद फुटतो तो झेरॉक्समधूनच. सिमला द्या, लॉजला द्या, सोसायटीच्या गेटवर द्या, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, आणि खराब निघालेल्या झेरॉक्स दुकानात तशाच पडलेल्या राहतात. मी माझ्या केंद्रात दर संध्याकाळी त्या फाडून टाकतो, पण सगळे नाही करत.

फुकटात काय करता येतं सांगतो. माय आधार पोर्टलवरून मास्क्ड आधार काढा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात, हॉटेलला नि गेटला तेवढं बास होतं. नंबरच मागितला तर व्हर्च्युअल आयडी द्या, १६ आकडी असतो, पाहिजे तेव्हा नवीन काढता येतो, जुना बाद होतो. आणि झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर त्याच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली, कुणाला, तारीख, सही. आकड्यांवरून जाईल असं लिहा, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकतात.

आता खरी गोष्ट, बायोमेट्रिक लॉक. आपल्याकडे अंगठ्यावर पैसे निघतात ना, आधार लागतं, बँकेचं नाव लागतं आणि अंगठा. ओटीपी नाही, कार्ड नाही. खेड्यात त्याच्यावरच सगळं चालतं, म्हातारी माणसं निराधारचे पैसे त्याच्यावरच काढतात, त्यामुळे ती सोय वाईट नाही. पण खरेदीखतावर अंगठे असतात, आधार नंबर असतो, त्यावरून रबराचा अंगठा बनवून पैसे काढायचे प्रकार झालेत, २०२३ मध्ये बंगळुरूकडे जमिनीच्या नोंदणीनंतर लोकांचे पैसे गेल्याच्या भरपूर तक्रारी आल्या होत्या. यावर कुठलाही अडीच हजाराचा प्लॅन काही करत नाही, मेसेज येईल तोवर पैसे गेलेले असतात. लॉक मात्र थांबवतं. आधारच्या ॲपवर किंवा पोर्टलवर जाऊन ओटीपी टाकून लॉक केलं की अंगठा, डोळे, चेहरा काहीच चालत नाही, मशीनवर ३३० नंबरचा एरर येतो. आपल्याला पाहिजे तेव्हा तात्पुरतं उघडायचं, थोड्या वेळाने ते आपोआप परत बंद होतं.

काकांचं एक लक्षात ठेवा, ते पेन्शनर आहेत म्हणजे नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला असणार, जीवन प्रमाण. तेव्हा आधी लॉक उघडा, नाहीतर म्हातारा माणूस रांगेत उभा राहतो आणि मशीन नाही म्हणतं, मग सगळे त्यालाच बोलतात. रेशन अंगठ्यावर घेत असाल तर तेच. दर वर्षी माझ्याकडे अशी वीसेक माणसं येतात, मुलाने पुण्याहून लॉक केलेलं असतं आणि वडिलांना सांगितलेलं नसतं.

त्याच पोर्टलवर आधार कुठे कुठे वापरलं त्याचा इतिहास दिसतो, मागच्या सहा महिन्यांतले ५० पर्यंत व्यवहार. तारीख, वेळ, कुणी विचारलं, सगळं. आपण घरी बसलेलो असताना अंगठा लागलेला दिसला तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनला फोन करा.

अजून एक राहिलं, संचार साथी. दूरसंचार खात्याचं आहे, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात त्यामुळे एखादं जास्तीचं कळतच नाही. आपलं नसलेलं असेल तर तिथेच हा माझा नंबर नाही असं टिक करायचं.


गोदाकाठ

भाऊ, तुम्ही सांगितलं म्हणून आत्ता बघितलं, बाबांच्या नावावर चार सिम आहेत आणि त्यातली दोन आमची नाहीत! हात थरथरतायत. दोन्हीवर टिक केलंय.


एडिसनकर (न्यू जर्सी)

माझे आईवडील सांगलीला असतात म्हणून हा धागा वाचतोय, खूप कामाचा आहे. इकडचा अनुभव सांगतो म्हणजे तुलना करता येईल.

अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्सची माहिती फुटली, साधारण १४ कोटी ७० लाख लोकांची. मी तेव्हा घाबरून महिन्याला २० डॉलरचा प्लॅन घेतला आणि जवळपास चार वर्षं भरत राहिलो, हजार डॉलरच्या आसपास गेले. नंतर कळलं की सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने क्रेडिट फ्रीझ फुकट झालंय. इकडच्या तिन्ही क्रेडिट कंपन्यांच्या साईटवर जाऊन फ्रीझ केलं की नवीन कर्ज देणाऱ्याला तुमचा रिपोर्टच दिसत नाही, त्यामुळे चोराला कर्ज मिळणं फार अवघड. स्वतःला कर्ज हवं असेल तेव्हा उघडायचं. १६ वर्षांखालच्या मुलांचंही फुकट होतं, इकडे मराठी मंडळात मी प्रत्येक नवीन आईबापाला सांगतो. आणि टॅक्ससाठी आयआरएस म्हणजे इकडच्या आयकर खात्याचा आयपी पिन, तोही फुकट, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्याला रिटर्न भरता येत नाही. प्लॅन फक्त झाल्यावर सांगतो, फ्रीझ होऊच देत नाही, हा फरक मला चार वर्षांनी कळला.

असा कायद्याने दिलेला फुकट फ्रीझ आपल्या देशात नाही याचं फार वाईट वाटतं, तो असायला हवा. तो असता तर ताईंच्या बाबांच्या बाबतीत हा प्रश्न बहुतेक आला नसता.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक. आपला भारतातला जुना नंबर रिचार्ज न करता सोडून दिला की तो बंद होतो, आणि बंद झाल्यावर ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तुमच्या आधारला, बँकेला तोच नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातील. माझ्या मित्राचं असं झालंय. त्यामुळे एकतर नंबर जिवंत ठेवा, नाहीतर सोडायच्या आधी सगळीकडून बदला. वर्षभराच्या रिचार्जला जे पैसे लागतात ना, ओळख सांभाळायला एवढाच खर्च करावा असं माझं मत.


तुळशीबाग

सगळे प्लॅन नको म्हणतायत पण मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या सासूबाईंना मेसेज वाचता येतात पण त्यातलं कळत नाही, आणि मी नोकरी करून हे सगळं बघत बसू शकत नाही. अशा वेळी सायबर विमा घेतला तर काय चुकलं? पैसे गेले तर निदान मिळतील तरी.


जुनाकॅशियर (कोल्हापूर)

ताई चुकलं काहीच नाही, तुमची अडचण खरी आहे. फक्त पॉलिसीचं पुस्तक हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्यात वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. स्वतः ओटीपी दिला, स्वतः पैसे पाठवले, उशिरा कळवलं, पोलीस तक्रार केली नाही, यातलं काय काय वगळलंय ते बघा. सासूबाईंना धोका नेमका त्याच गोष्टीचा आहे, कुणीतरी गोड बोलून त्यांच्याकडूनच पैसे पाठवून घेईल. ते धरलेलं असेल तर पॉलिसी विचार करण्यासारखी, नाहीतर प्रीमियम वाया. आणि फक्त विमाच घ्या, विम्यासोबत मॉनिटरिंग, अँटीव्हायरस, डार्क वेब असलं सगळं जोडून तिप्पट किमतीला देतात ते नको.

सासूबाईंच्या पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका असं माझं म्हणणं. दुसरं छोटं खातं काढा, त्यात महिन्याला तीन-चार हजार टाका, फोनवरचं सगळं त्याच्यावरून.


पेठकर३०

कॅशियर काकांच्या या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, आम्ही घरात हेच केलंय. डार्क वेबबद्दल एवढंच, बाबांचा पॅन फुटलाय हे आपल्याला कळलेलंच आहे, तो परत परत सांगायला पैसे कशाला द्यायचे, आणि पॅन काही पासवर्डसारखा बदलता येत नाही.

ताई, अजून दोन जागा बघा, माझ्या सीएने सांगितल्या होत्या. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक) उघडा, त्यात बाबांच्या पॅनवर आलेलं व्याज, शेअर्सचे व्यवहार, जीएसटीची उलाढाल असं काही दिसतं का, आपल्या ओळखीच्या नसलेल्या बँकेचं व्याज दिसलं तर समजायचं की त्या नावाने खातं उघडलंय. आणि जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता पॅनवरून शोधता येतं, कुणी बाबांच्या पॅनवर बोगस फर्म काढली असेल तर तिथे दिसेल. कर्जापेक्षा ते प्रकरण वाईट, नोटीस लाखांची येते.


गोदाकाठ

मंडळी, साडेपाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, पण काहीतरी सांगण्यासारखं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

कर्ज खरंच होतं. चारही रिपोर्टमध्ये ११,००० चं छोटं कर्ज बाबांच्या नावाने, एका ॲपवरून घेतलेलं, आणि एका रिपोर्टमध्ये जो फोन नंबर दिसला तो त्या दोन अनोळखी सिमपैकीच एक निघाला. म्हणजे आधी सिम काढलं आणि मग त्यावर ओटीपी घेऊन कर्ज. पेठकरदादांनी सांगितलं तसं लिहिलं, पैसे कुठल्या खात्यात टाकले ते कळवा. पहिल्या मेलला तयार छापील उत्तर आलं, दुसऱ्या मेलला सायबर पोर्टलची पोचपावती आणि सिमचा स्क्रीनशॉट जोडला, आणि १०० रुपये रोजाचा नियम तारखेसकट लिहिला. २३ व्या दिवशी मेल आला की चौकशी करून खातं रद्द केलंय. तीन क्रेडिट कंपन्यांनी कळवलं की नोंद काढली, चौथीचं अजून बाकी आहे, तिला उद्या ३१ वा दिवस लागतो, म्हणून लोकपालाचा अर्ज लिहून तयार ठेवलाय.

एआयएस आणि जीएसटी दोन्ही स्वच्छ निघालं, ते बघताना आईने देवाजवळ दिवा लावला होता. पाचही जणांचं बायोमेट्रिक लॉक केलं, आणि केंद्रवाले भाऊ, तुमच्यामुळे बाबांच्या डायरीत नोव्हेंबरच्या पानावर "दाखल्याआधी लॉक उघडणे" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. बाबांचं दुसरं खातं काढलं, यूपीआय त्याच्यावर. कार्ड प्रोटेक्शन नाही घेतलं, प्लॅन पण नाही. आतापर्यंतचा एकूण खर्च म्हणजे पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाच्या झेरॉक्स, ४२ रुपये.

बाबा आता फोन उचलतात, मधे पंधरा दिवस उचलतच नव्हते. काल परत तशाच एकाचा फोन आला, तर त्यांनी शांतपणे विचारलं, कुठल्या कंपनीचं कर्ज, खातं क्रमांक लेखी पाठवा, मी रिपोर्ट बघून कळवतो. समोरच्याने फोन ठेवून दिला.

एक विचारायचं राहिलं, सिम काढताना दिलेली कागदपत्रं कुठल्या दुकानातून गेली हे मोबाईल कंपनीकडून लेखी मागता येतं का? पोलीस म्हणाले ते मागवतील, पण आम्ही स्वतः अर्ज केला तर लवकर मिळेल का, कुणी केलं असेल तर सांगा.


केंद्रवाला (लातूर)

ताई, ती माहिती पोलिसांनी मागितली की कंपनीला द्यावी लागते, तुम्हाला थेट दुकानदाराचं नाव बहुतेक देणार नाहीत. पण अर्ज करून ठेवा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे ईमेलने, आणि त्यात ते दोन्ही नंबर, सायबर तक्रारीचा क्रमांक टाका, म्हणजे कागद जपून ठेवा असं आपण कळवल्याची नोंद राहते. आणि तपास अधिकाऱ्याला त्याची प्रत द्या. काकांना नमस्कार सांगा.